‘टेन्शन आलंय’ म्हणजे नेमकं काय वाटतंय?

‘टेन्शन आलंय’ म्हटलं की आपण मोकळे होतो. समुपदेशक मात्र तिथेच विचारतात, भीती वाटतेय, लाज वाटतेय की राग आलाय?

समजा, करमाळ्याचा एक मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. निकालाच्या टेन्शनमध्ये भीतीपेक्षा गावी तोंड दाखवायची लाज जास्त असू शकते. ‘लाज’ हा शब्द सापडला की मागची समजूतही दिसते: ‘पास झालो नाही, तर माझी किंमत शून्य.’ हे त्याने कधी स्वतःशीही बोललेलं नसतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आरईबीटी) अशाच समजुती शोधते. त्यात काळजी आणि चिंता वेगळ्या. ‘पास व्हावं’ या इच्छेतून काळजी येते, ती अभ्यासाला बसवते. ‘पास झालंच पाहिजे’ या हट्टातून चिंता येते, ती हातपाय गाळते. फरक एका ‘च’चा! महाराष्ट्रात ही पद्धत रुजवली डॉ. कि. मो. फडके यांनी.

शब्द सापडूनही त्रास कमी होत नसेल, तर सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर (१४४१६) मोफत बोलता येतं, मराठीतूनही.