भरले की भरणार?

आगरदांड्याच्या धक्क्यावर उभे राहून गावाचे नाव मोठ्याने उच्चारून पाहावे. लिहिताना अक्षरे पाच. बोलताना ‘आ-गर-दां-डा’ असे चारच अवयव होतात. जोर कोणत्याही अवयवावर पडो, गाव तेच राहते. पोर्तुगीज भाषेत तसे नाही, आणि या किनाऱ्याचा इतिहास वाचणाऱ्याला ते फार जड जाते.

आगरदांडा-राजपुरीचा मुलूख सिद्दीचा. पण मुरुडवरून उत्तरेला गेले की कोर्लई लागते, आणि कुंडलिकेच्या खाडीपलीकडे रेवदंडा व चौल. तेथे पोर्तुगीजांनी १५२१ साली किल्ला बांधावयास घेतला. १७४० साली ते ठाणे मराठ्यांच्या हवाली केले. दरम्यानचा त्यांचा कारभार त्यांच्या भाषेत झाला.

त्या भाषेतले एक क्रियापद आपल्या ओळखीचे आहे. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. आपला ‘पगार’ तिकडूनच आला. त्याचे ‘पा-गा-रांव’ हे रूप घ्या. जोर ‘गा’वर दिला तर ‘त्यांनी भरले’. ‘रांव’वर दिला तर ‘ते भरतील’. आज ही रूपे वेगळी लिहितात. जुने लेखक मात्र दोन्ही पुष्कळदा सारखीच लिहीत. आघाताची खूण कोणी करी, कोणी करीत नसे. आता समजा, एखाद्या कागदात गावच्या साऱ्याची बाब आली. सारा भरला की भरणार? एका आघातापायी अख्खे गाव बाकीदार ठरावयाचे! मागचापुढचा मजकूर ताडूनच निर्णय करावा लागतो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात हेच काम आयुष्यभर केले. आम्हांला त्यांच्या विद्वत्तेइतकेच त्यांच्या चिकाटीचे नवल वाटते.

कागदावर निसटलेला हा आघात कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीने जिभेवर राखला आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी तिच्यापासून निपजलेली बोली तेथे टिकली. ‘कांतार’ म्हणजे गाणे, ‘कांतांदु’ म्हणजे गात, ‘कांतोउ’ म्हणजे गायला; मूळ भाषेत तिन्हींत जोर दुसऱ्या अवयवावर. कोर्लईकरांच्या तोंडी अखेरचा ‘र’ गळाला, निर्जोर ‘दु’ गळाला. जोराचे अवयव तेवढे ‘ता’, ‘तान’, ‘तो’ असे उरले. भविष्यकाळी रूप मात्र गेलेच. पुढे मराठी ‘लोटणे’ या बोलीत शिरले, त्यालाही तोच प्रत्यय लागून ‘लोटून’ झाले. ऐकताना आपल्याला वाटते की लोटण्याचे काम संपले. कोर्लईत मात्र ते अजून चालू असते.