जुन्या मोटरसायकलचा कार्बोरेटर घरच्या घरी दुरुस्त कसा करायचा?

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा, एखाद्या दारात तरी जुनी स्प्लेंडर, सीडी १००, बॉक्सर नाहीतर प्लॅटिना उभी दिसेल. घरातला मुलगा शिकायला किंवा कामाला पुण्याला गेला की ही गाडी महिनोन् महिने जागची हलत नाही. मग दिवाळीला येऊन कितीही किका मारा, ती दाद देत नाही. चालू झालीच तर चोक काढताच बंद पडते. अशा वेळी गाडी भंगारात घालायचा सल्ला लगेच मिळतो. पण बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं, आणि खराब झालेला असतो फक्त कार्बोरेटर. मी असे कार्बोरेटर घरीच उघडून साफ करतो. त्याला महागडी हत्यारं लागत नाहीत. लागतो तो धीर, आणि कुठल्या भागाला कसा हात लावायचा याची माहिती.

कार्बोरेटर नेमकं काय करतो?

१ ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे मिश्रण कार्बोरेटर वीज किंवा सेन्सर न वापरता करतो. त्याची मधली नळी एका जागी अरुंद असते. तिथून हवा जोरात जाते, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर ओढलं जातं. ही बारीक भोकं असलेले पितळी स्क्रू म्हणजे जेट. वाटीतली पेट्रोलची पातळी फ्लोट सांभाळतो. घराच्या टाकीत पाणी भरलं की बॉल-कॉक जसा पाणी थांबवतो, अगदी तसाच.

पेट्रोलचे रस्ते तीन आहेत. गाडी स्लोवर असताना आणि थोड्या रेसवर पायलट जेट, मधल्या रेसवर निडल, आणि पूर्ण रेसवर मेन जेट काम करतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत ही जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली.

लक्षणावरून बिघाड ओळखा

- चोकवर चालते, चोक काढला की बंद पडते: पायलट जेट तुंबलेला.
- स्लोवर ठीक, पण पूर्ण रेस दिली की गाडी धरते: मेन जेट तुंबलेला किंवा टाकीतून पेट्रोल कमी येतंय.
- खालच्या नळीतून पेट्रोल टपकतं: फ्लोटची सुई झिजलेली, तिच्याखाली कचरा, किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरलेलं.
- रेस सोडली तरी इंजिन लगेच खाली येत नाही: कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी रिंगेतून हवा शिरतेय, किंवा केबल अडकतेय.

आधी प्लग आणि एअर फिल्टर तपासा. त्यांचा दोष असेल तर कार्बोरेटर उघडून काहीच मिळणार नाही.

उभ्या गाडीतलं पेट्रोल बिघडतं कसं?

पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा पिवळसर थर राहतो. त्यात आता इथेनॉल आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशात २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, म्हणजे ई-२०, पंपावर यायला सुरुवात झाली. हे इथेनॉल आपल्याला परकं नाही. कळंब तालुक्यात रांजणी आणि चोराखळी इथले साखर कारखाने ते बनवतात. उसाला त्यामुळे आणखी एक गिऱ्हाईक मिळालं. पण इथेनॉल ओलावा ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि जेट तिथेच असतात. मग पितळेवर हिरवट आणि बॉडीवर पांढरी भुकटी धरते. जुन्या गाड्यांचे रबरी भागही या पेट्रोलसाठी बनवलेले नसतात, ते फुगतात किंवा कडक होतात.

काय काय लागेल?

नीट बसणारा फुलीचा आणि एक चपटा स्क्रूड्रायव्हर, पाने, कार्ब क्लीनर स्प्रे, मऊ टूथब्रश, चष्मा, हातमोजे, स्टीलचं ताट आणि तुमच्या मॉडेलचं पॅकिंग-ओरिंगचं किट. आणि हो, मोबाईल.

हे काम अंगणात करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरकत जाते. जवळ चूल, गॅस, देवघरातला दिवा, पेटलेली विडी यातलं काहीही नको. लाईट गेली तर मेणबत्ती अजिबात लावू नका, मोबाईलचा टॉर्च वापरा.

पायरीपायरीने काम

१. इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलचा कॉक बंद करा, वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल डब्यात काढा.

२. प्रत्येक भाग काढण्याआधी फोटो घ्या. निडलची क्लिप कितव्या खाचेत होती याचा जवळून फोटो हवाच.

३. मिक्स्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. आत गेल्यावर आवळू नका, टोक खराब होतं.

४. वाटीचे स्क्रू जाम असतील तर स्प्रे मारून थांबा. घाईत फुली झिजली की काम दुप्पट वाढतं.

५. फ्लोट, सुई, जेट आणि सगळं रबर वेगळं करा. रबरावर आणि डायफ्रॅमवर स्प्रे उडू देऊ नका.

६. जेट आणि बॉडीच्या प्रत्येक वाटेत स्प्रे मारा, थोडा वेळ मुरू द्या. मग पंक्चरच्या दुकानात नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या. डोळ्यांवर चष्मा असू द्या.

७. जेट उजेडासमोर धरा. भोक पूर्ण गोल दिसलं पाहिजे. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून पाहिलं की उरलेली घाण लगेच कळते.

८. पोकळ फ्लोट कानाजवळ हलवा. आत पेट्रोल वाजलं तर तो बदला. सुईच्या टोकावर गोल चर पडलेली असेल तर सुईही बदला. नवीन पॅकिंग घालून फोटो बघत उलट क्रमाने जोडा.

जेटमध्ये तार का घालायची नाही?

बऱ्याच केहिन जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो. ३८ म्हणजे ०.३८ मिलिमीटर. लोखंडी तारेने घासून तेच भोक ०.४२ झालं तर क्षेत्रफळ सुमारे २२ टक्के वाढतं, म्हणजे पेट्रोल तेवढं जास्त जातं. फरक डोळ्यांना दिसत नाही, पण मायलेजमध्ये आणि काळ्या धुरात दिसतो. स्प्रे आणि हवेने जेट मोकळा झाला नाही तर सरळ नवीन घ्या. मात्र मिकुनीचे आकडे वेगळ्या मापाचे असू शकतात, त्यामुळे एका कंपनीच्या आकड्यावरून दुसऱ्या कंपनीचा जेट घेऊ नका.

चिंच, लिंबू, व्हिनेगर यांचाही मोह टाळा. देवाची पितळी भांडी त्यांनी उजळतात, पण कार्बोरेटरची बॉडी जस्त किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते आणि आम्ल तिला खातं.

सेटिंग कसं करायचं?

मिक्स्चर स्क्रू आधी मोजलेल्या फेऱ्यांवर ठेवा. गाडी मोकळ्या जागेत पाच-दहा मिनिटं गरम करा. स्लो थोडा वाढवून मिक्स्चर स्क्रू हळूहळू फिरवा, इंजिन जिथे सगळ्यात जोमात चालेल तिथे थांबा, मग स्लो खाली आणा. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो सहसा हवेचा असतो, म्हणजे आत फिरवला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर सहसा उलट.

ई-२० ला हवा थोडी कमी लागते, साधारण १३.५ पट. इंजेक्शनची गाडी सेन्सरवरून हे सांभाळून घेते, कार्बोरेटरला ते जमत नाही. म्हणून मायलेजच्या नादात पेट्रोल आणखी कमी करू नका. थोडं फिरवून आणल्यावर प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी रंग चांगला, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय.

मेकॅनिककडे कधी जायचं?

बॉडीला तडा असेल, स्लाइड खूप ढिली झाली असेल किंवा जेटची आटी गेली असेल तर घरी खटपट करू नका. सगळं करूनही पेट्रोल गळत असेल तर ती गाडी चालू करू नका. आधी गळती थांबली पाहिजे.

पुन्हा बिघडू नये म्हणून

टाकीत गंज असेल तर आधी टाकी साफ करा आणि पेट्रोलच्या नळीत फिल्टर बसवा, नाहीतर आठवड्याभरात पुन्हा तेच. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या आणि उरलेलं पेट्रोल ड्रेन स्क्रूने डब्यात काढा. पुण्याची एसटी पकडायच्या आधी हे करायला दहा मिनिटं पुरतात. आणि तुमच्यामागे घरी कुणाला दूध डेअरीला न्यायचं असेल, तर ही रीत त्यांनाही दाखवून ठेवा.