शाळेचे दार आणि वर्गातील जागा

इ. स. १८५६ च्या जून महिन्यात धारवाड येथील एका महार मुलाचा अर्ज मुंबई सरकारकडे आला. धारवाड त्या काळी मुंबई इलाख्यात मोडत असे. तेथील सरकारी शाळेने आपणांस प्रवेश नाकारला आहे, तो मिळावा, एवढीच त्या मुलाची मागणी होती. सरकारने २१ जुलै रोजी त्यावर निर्णय दिला. मुलाची बाजू न्यायाची आहे, हे त्यात मान्य केले होते. परंतु या एकट्याला वर्गात बसविले, तर उरलेली मुले निघून जातील आणि शाळाच निरुपयोगी होईल, असे कारण देऊन त्याला प्रवेश नाकारण्यात आला. असा अर्ज करणारा हा पहिलाच महार होय, असेही सरकारने नमूद केले.

अर्ज पहिला असेल. शिक्षणाची ओढ मात्र नवी नव्हती. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८५२ पासून महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा चालविल्या होत्या. त्यांच्याच शाळेतील मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीने आपल्या समाजाच्या दुःखांवर लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त छापून आला होता. जिथे दार उघडले, तिथे मुले आली होती.

धारवाडचा निर्णय विलायतेत कंपनीच्या संचालकांना पसंत पडला नाही. १८५८ साली मुंबई सरकारने धोरण बदलले. जी शाळा सर्वस्वी सरकारी खर्चाने चालते, ती सर्व प्रजेला भेदाभेद न करता खुली राहील, असे जाहीर झाले. लोकवर्गणीची मदत घेणाऱ्या शाळांत मात्र अस्पृश्य मुले घालण्याचा आग्रह धरला नाही. तशा शाळांचे अनुदान रोखण्याचा अधिकार तेवढा सरकारने आपल्याकडे राखून ठेवला. १८८२ च्या हंटर आयोगानेही प्रवेशाचे तत्त्व उचलून धरले; परंतु ते अमलात आणताना सबुरीचा सल्ला दिला आणि वेगळ्या शाळांना उत्तेजन द्यावे, असे सुचविले.

या धोरणाचे वर्गात काय झाले, हे पाहावयाचे तर साताऱ्यास जावे लागते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील सरकारी शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव लिहिले गेले. मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. वय साडेनऊ वर्षांचे. सुभेदार रामजींचा हा मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर या नावाने जगाला माहीत झाला. बालपणीच्या त्या दिवसांबद्दल त्यांनी १९३५ च्या सुमारास इंग्रजीत लिहून ठेवले आहे.

वर्गातील मुले अभ्यासातील क्रमांकाप्रमाणे बसत; या मुलाला मात्र क्रमांक कितीही वरचा असो, कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा त्याने घरून आणावयाचा, आणि संध्याकाळी परत न्यावयाचा. कारण शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे. इतर मुलांना तहान लागली, की मास्तरांची परवानगी पुरे. ती बाहेर जाऊन नळ सोडीत व पाणी पीत. या मुलाला नळाला हात लावण्याची मनाई होती. परवानगी मिळाली, तरी नळ सोडावयास शिपाई हजर असावा लागे. शिपाई नसला, की त्या दिवशी पाणी नाही.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की सरकारी हुकमाचा भंग कोठेच झालेला नव्हता. मुलाचे नाव पटावर होते, हजेरी लागत होती. कागद पाहणाऱ्या तपासनिसाला शाळा सर्वांना खुली आहे, असाच शेरा लिहावा लागला असता. तहान पटावर नोंदली जात नाही. या जाचाला कोणा एका खोडकर पोराची वा तापट मास्तराची गरज नव्हती. रोजचा वर्ग नेहमीसारखा भरला, म्हणजे तो आपोआप घडे. मुलांनी तो घरून शिकून आणला होता, आणि मोठ्यांनी वर्गात तसाच चालू दिला.

पुढे ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा त्याचा आशय होता. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी तेथील पाणी ओंजळीत घेण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. साताऱ्याच्या नळाजवळ शिपायाची वाट पाहणारा मुलगाच त्याचा नेता होता.

२६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने पुढचे पाऊल टाकले. शिक्षणसंस्थेत प्रवेश नाकारणे हा त्याने गुन्हा ठरविलाच. शिवाय प्रवेश दिल्यानंतर भेदभाव करणे हाही गुन्हा ठरविला. धारवाडच्या अर्जापासून या कलमापर्यंत नव्याण्णव वर्षे गेली. शाळेच्या दारापासून वर्गातील जागेपर्यंतचे अंतर काही पावलांचे. कायद्याला ते चालून जाण्यास जवळजवळ एक शतक लागले.

महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून ठरविला आहे. त्या दिवशी नोंदवहीतील नावाचे स्मरण होते, ते योग्यच आहे. शाळेत कोण कोठे बसतो, कोणाच्या हातून पाणी पितो आणि मधल्या सुटीत कोणाजवळ कोणी बसत नाही, हेही त्याच दिवशी शिक्षकांनी पाहिले, तर ते स्मरण अधिक सार्थ होईल.