मुकादम गेजची पहार

पुढारीपण शिकवणे हा अलीकडे एक व्यवसायच होऊन बसला आहे. व्यवस्थापकांच्या शिबिरांतून मेंदूची रंगीत चित्रे दाखवतात. कपाळामागचा हा भाग विचार करतो, आतला हा भाग भितो आणि संतापतो, म्हणून साहेबाने हाताखालच्या माणसांशी अमुक रीतीने बोलावे, असे तेथे सांगतात. आम्ही कामगार संघटनेतली माणसे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा वाचनालयांत आणि सभांतच अधिक झाले. तरीही या शास्त्राकडे पाठ फिरवावी असे आम्हाला वाटत नाही. कारण त्याच्या इतिहासाच्या आरंभीच्या पानांवर एक मुकादम उभा आहे.

त्याचे नाव फिनिअस गेज. अमेरिकेतल्या व्हर्मॉन्ट राज्यात, कॅव्हेंडिश गावाजवळ, खडक फोडून रेल्वेचा मार्ग काढण्याचे काम चालले होते. त्या कामावरच्या एका टोळीचा हा पंचवीस वर्षांचा मुकादम. आपल्या बोरघाटाचे काम १८५६ साली सुरू होऊन १८६३ साली पुरे झाले. तेथेही खडक सुरुंगानेच फोडला. खडकात भोक पाडायचे, त्यात दारू आणि वात घालायची, वर वाळू टाकायची आणि लोखंडी पहारीने ठासायचे, अशी ती रीत. गेजने आपली पहार लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतली होती. लांबी साडेतीन फुटांहून थोडी अधिक, वजन सव्वातेरा पौंड.

१३ सप्टेंबर १८४८ रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास मागे काम करणाऱ्या आपल्या माणसांकडे गेजचे लक्ष गेले. त्याने मान वळवली, त्याच क्षणी पहार खडकावर आपटली, ठिणगी पडली आणि दारूचा भडका उडाला. पहार डाव्या गालाच्या हाडाखालून शिरली आणि टाळू फोडून दूर जाऊन पडली. काही मिनिटांतच गेज बोलू लागला आणि बैलगाडीत ताठ बसून गावात आला! डॉ. जॉन हार्लो यांच्या शुश्रूषेने तो जगला. डाव्या डोळ्याची दृष्टी मात्र गेली.

बरा झाल्यावर तो कामावर परत गेला. अपघातापूर्वी ज्या मालकांना तो सर्वांत कर्तबगार मुकादम वाटत होता, त्यांनीच त्याला जुनी जागा देण्याचे नाकारले. याची कारणे हार्लो यांनी १८६८ साली लिहून ठेवली आहेत. गेज धरसोड वृत्तीचा झाला होता, शिवराळ झाला होता, मनाविरुद्धचा सल्ला त्याला खपत नसे. बेत करावेत आणि लगेच टाकून द्यावेत, असे त्याचे चालले होते. हा पूर्वीचा गेज नव्हे, असे ओळखीचे लोक म्हणत. अंगात बळ होते, वाचा होती, स्मरण होते. चार माणसांना सांभाळून काम पुढे नेण्याचे कसब तेवढे हरपले होते.

शास्त्रज्ञांनी यातूनच पुढचा धडा घेतला. डेव्हिड फेरियर यांनी १८७८ साली लंडनच्या व्याख्यानांत गेजचा दाखला दिला. १९९४ साली हॅना दमासिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डच्या संग्रहालयातल्या त्याच्या कवटीची मापे घेऊन पहारीचा मार्ग रेखाटला. संयम, निर्णय आणि इतरांशी वागण्याचा विवेक यांचा मेंदूच्या पुढच्या भागाशी निकट संबंध आहे, हे आता सर्वमान्य आहे.

तथापि गेजची कथा येथेच थांबवणे हा त्याच्यावर अन्याय होईल. माल्कम मॅकमिलन या संशोधकाने जुनी कागदपत्रे धुंडाळून २००० साली त्याच्यावर ग्रंथ लिहिला, आणि गेजच्या उत्तरायुष्याकडे लोकांचे लक्ष वेधले. पहार हाती घेऊन त्याने लोकांसमोर स्वतःचे प्रदर्शन मांडले, पुढे घोड्यांच्या तबेल्यात काम केले, आणि १८५२ साली तो दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात गेला. तेथे अनेक वर्षे त्याने घोड्यांची निगा राखली आणि सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. परकी भाषा, खडतर वाट, गाडीत उतारू. हे काम अविचारी माणसाच्या हातून कसे निभावेल? चिलीत त्याला ओळखणाऱ्या एका डॉक्टरांनी तर त्याच्या बुद्धीत काही उणे नाही, असेच सांगितले. मॅकमिलन यांचा तर्क असा की, रोजच्या कामाच्या ठरलेल्या क्रमाने त्याला सावरले. पुढे प्रकृती ढासळली, तो आईकडे सॅन फ्रान्सिस्कोला आला, आणि २१ मे १८६० रोजी झटके येऊन वारला.

आता आम्हा संघटनेच्या माणसांना यात काय दिसते ते सांगतो. सुरुंगाच्या कामावर मन स्थिर नसलेला मुकादम नेमावा, असे आम्ही म्हणणार नाही. त्यात कामगारांचेच जीव जातील. पण मुकादमाची जागा आणि स्वतःचे प्रदर्शन मांडणे, या दोहोंच्या मध्ये दुसरे कामच नव्हते काय? नुकसानभरपाईचा कायदा आपल्या देशातही १९२३ साली आला. गेजच्या काळी जखमी माणसाने आपला मार्ग आपणच शोधायचा होता. मालकांनी त्याचे बिघडलेले डोके पाहिले. त्या डोक्याला पेलेल असे काम मिळाले, तेव्हा तोच माणूस पुन्हा उभा राहिला.

आजच्या शिबिरांतही डोक्याकडेच बोट दाखवतात. २००३ साली अमेरिकेत तेरा जणांवर एक प्रयोग झाला. पडद्यावरच्या चेंडूच्या खेळातून वगळल्यावर त्यांच्या मेंदूत जी हालचाल दिसली, ती शारीरिक वेदनेच्या वेळी दिसणाऱ्या हालचालीसारखी होती. मग अपमान म्हणजे मेंदूला झालेली जखमच, असे शिबिरांतून सांगू लागले. २०१४ साली दुसऱ्या संशोधकांनी अधिक बारकाईने पाहिले, तेव्हा दोन्हींच्या खुणा वेगळ्या निघाल्या. शास्त्र असे स्वतःला दुरुस्त करीत पुढे जाते. शिबिरातली चित्रे मात्र जुनीच राहतात.

आणि माणसाला वगळले की त्याला झोंबते, हे समजायला यंत्र कशाला हवे? आठ तासांची पाळी करून सभेला आलेला कामगार चटकन तडकला, तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी आपण घड्याळ पाहावे. सभेचे विषय आधी कळवावेत, एकाने बोलताना दुसऱ्याने थांबावे, मागच्या रांगेतल्या माणसालाही पाळी मिळावी, रात्री उशिरा मोठा निर्णय घेऊ नये. हे नियम आमच्या संघटनांना जुनेच आहेत. मेंदूचे शास्त्र त्यांना दुजोरा देत असेल तर आनंदच आहे. पण माणसे कशी बोलतात हे सुधारू पाहणाऱ्याने ती किती वेळ, कोणत्या गोंगाटात आणि कोणत्या धाकात काम करतात, हे प्रथम पाहिले पाहिजे.