चाळीस नंबरचं ऑइल

परवा गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल बदलायचंय. दुकानदार म्हणतो पंधरा-चाळीस घ्या. आबा तर कायम चाळीस नंबरच घालायचे. हे बोटावर घेतलं तर पातळ लागतंय. काय करू?"

प्रश्न दोन मिनिटांचा होता. पण उत्तर शोधता शोधता मी १९११ सालात जाऊन पोचलो, आणि परत येताना १९८८ च्या रब्बीत थांबावं लागलं.

आमचा ट्रॅक्टर म्हणजे बी-२७५. मूळचा इंग्लंडमधला, इंटरनॅशनल हार्वेस्टरचा. १९६३ मध्ये महिंद्र, व्होल्टास आणि हार्वेस्टर यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि १९६५ पासून बी-२७५ मुंबईत कांदिवलीला तयार होऊ लागला. चार सिलिंडर, ३५ हॉर्सपॉवर. आबांनी १९७९ साली जुनाच विकत घेतला. बार्शीकडच्या आमच्या काळ्या रानात तो आला, तेव्हा आईने त्याला ओवाळलं होतं.

आबांची ऑइलची परीक्षा ठरलेली. पट्टी ओढायची, थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळायचा. मधासारखं दिसलं तर चांगलं, काळं दिसलं तर वाईट. एका वर्षी त्यांना तालुक्याला सुटं ऑइल मिळालं, पिंपातलं, स्वस्त. ते लवकर काळं पडेचना! आबा खूश. ऑइल चांगलं आहे म्हणून बदललंच नाही, नुसती भर घालत राहिले.

१९८८ च्या रब्बीत, ज्वारीच्या पेरणीच्या तोंडावर, ट्रॅक्टरने धूर ओकायला सुरुवात केली आणि मग जोरच सोडला. मिस्त्रीने इंजिन खोलून दाखवलं. पिस्टनच्या रिंगा खाचांमध्ये चिकटून बसलेल्या, चेंबरच्या तळाला डांबरासारखा थर. मिस्त्री एवढंच म्हणाला, "आबा, तेल गोरं राहिलं, इंजिन काळं झालं." रानातला वापसा निघून गेला. अर्ध्या रानाची पेरणी झालीच नाही. आणि इंजिनच्या कामासाठी आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या, त्या काही परत आल्या नाहीत.

मिस्त्रीचं ते वाक्य मला आत्ता, इतक्या वर्षांनी नीट कळलं.

गंमत म्हणजे हा आजार जगात पहिल्यांदा ठळकपणे दिसला तोही ट्रॅक्टरमध्येच. अमेरिकेत कॅटरपिलरने १९३१ साली डिझेल इंजिनाचा ट्रॅक्टर बाजारात आणला. डिझेलची उष्णता आणि काजळी त्या काळच्या साध्या खनिज तेलाला झेपेना. रिंगा चिकटू लागल्या, अगदी आमच्यासारख्या. तेव्हा १९३० च्या दशकाच्या मध्यात कॅटरपिलर आणि तेल कंपन्यांनी मिळून तेलात डिटर्जंट घालायला सुरुवात केली. आपण भांड्याला लावतो तो साबण नव्हे, पण काम त्याच जातीचं. काजळी धातूवर बसू द्यायची नाही, बारीक कण तेलातच तरंगत ठेवायचे. म्हणजे डिझेल इंजिनातलं चांगलं ऑइल काळं पडणारच! ते घाण पोटात घेतंय म्हणून काळं आहे. आबांची परीक्षा बरोबर उलटी होती.

आता नंबराकडे येतो. अमेरिकेतल्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने १९११ साली तेलांचं वर्गीकरण सुरू केलं. डब्यावरचा ४० हा आकडा आला त्यातूनच. तो सांगतो फक्त तेल तापल्यावरचा दाटपणा, दर्जा नव्हे. १९५० च्या दशकात मल्टिग्रेड तेलं आली. १५डब्ल्यू-४० मधला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर. हे तेल थंडीत साध्या चाळीसपेक्षा पातळ राहतं, म्हणून पहाटे ट्रॅक्टर सुरू केला की लवकर बेरिंगपर्यंत पोचतं. १०० अंशांला मात्र दोघांची मोजपट्टी एकच. भावाच्या बोटाला जे पातळ लागलं, ते तापल्यावर आबांच्या चाळीसच्याच पंगतीत बसतं.

दर्जा सांगतात ती दुसरी अक्षरं. सीसी, सीडी ही जुनी. सीएच-४ आलं १९९८ साली, सीआय-४ आलं २००२ साली, सीके-४ आलं २०१६ साली. ही अक्षरं बदलत गेली कारण इंजिनं बदलली, धुराचे नियम बदलले, डिझेलही बदललं. १९९० च्या सुमाराला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत चालायचं. त्याचं आम्ल होऊन इंजिन आतून खायचं आणि ते मारण्याचं कामही ऑइलचंच. १ एप्रिल २०२० पासून देशभरातल्या पंपांवर १० पीपीएमचं डिझेल आलं, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. जुन्या ट्रॅक्टरचं ओझं त्याच्या म्हातारपणी असं थोडं हलकं झालं.

भावाला सांगितलं, पंधरा-चाळीस बिनधास्त घे, सीआय-४ किंवा त्यापुढचं, सीलबंद डब्यातलं. इंजिन गरम असताना जुनं ऑइल सोड, म्हणजे गाळ सोबत निघेल. फिल्टर बदलल्याशिवाय नवं ओतू नको. आत जुना थर असेल तर नवं ऑइल तो सोडवेल, म्हणून पहिली बदली लवकर कर. आणि रंग बघू नको, तास मोज.

"तासाचं मीटर कधीच बंद पडलंय," तो म्हणाला, "पण आबांची वही आहे की."

मला माहीतच नव्हतं. १९८८ नंतर आबांनी एक वही केली होती. प्रत्येक बदलीची तारीख, लिटर आणि तेव्हापासून जळलेलं डिझेल. शेवटच्या नोंदीपर्यंत एकही ओळ चुकलेली नाही म्हणे. चूक झाली असं आबा तोंडाने कधी म्हणाले नाहीत. वही मात्र लिहीत राहिले.

असो. पुढची ओळ आता भाऊ लिहील.