फेरेटांच्या बिऱ्हाडात नवा गडी

फेरेट हा लांबट अंगाचा, आखूड पायांचा मांसाहारी प्राणी. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी जनावरापासून तो माणसाळवला गेला. पोलकॅट एकांडा असतो आणि नर आपल्या हद्दीत दुसऱ्या नराला टिकू देत नाही. फेरेट मात्र एकमेकांच्या अंगावर पडून एकाच बिछान्यात झोपतात. ही सोबतीची सवय त्यांना माणसाच्या घरी लागली. पण मूळ स्वभाव पुरता गेलेला नाही, म्हणूनच नवा फेरेट जुन्यांत सोडताना जपावे लागते.

हा प्राणी पाळला गेला तो सशांसाठी. पहिल्या शतकाच्या सुरुवातीला लिहिणाऱ्या स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने स्पेनमधील शिकारीचे वर्णन केले आहे. तिथे लिबियातून आलेल्या अशाच जनावरांना मुसके बांधून सशांच्या बिळांत सोडत आणि बाहेर पळालेले ससे माणसे धरत. बॅलेरिक बेटांवर सशांनी पिकांची इतकी नासाडी केली की लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे सैन्याची मदत मागितली, असे रोमन लेखक प्लिनी सांगतो. महाराष्ट्रातल्या शिकाऱ्याला असल्या सोबत्याची गरज पडली नाही, कारण इथला ससा बीळ खणत नाही. तो गवतात दबून बसतो.

इंग्लंडमध्ये फेरेट इतका कामाचा ठरला की 1390 च्या कायद्याने तो पाळण्याचा हक्क ऐपतीला बांधला. वर्षाला 40 शिलिंग उत्पन्नाची जमीन नसलेल्या सामान्य माणसाला शिकारीसाठी फेरेट, कुत्रा किंवा जाळे ठेवण्यास मनाई झाली. गरिबाच्या ताटातला ससा हिरावणारा हा कायदा होता. शिकारीची रीत साधी होती. बिळांच्या तोंडांना जाळी लावायची आणि आत मादी सोडायची. ती सशाजवळच अडून बसली, तर दोरी बांधलेला नर मागे पाठवायचा. माद्या एका खुराड्यात सहज नांदत, पण विणीच्या हंगामात नरांना वेगळे काढावे लागे, नाहीतर मानेला चावे घेत झुंजी जुंपत.

विसाव्या शतकात दुसरा धोका स्पष्ट झाला. लंडनजवळच्या मिल हिल येथील संस्थेत लेडलॉ आणि डंकिन हे शास्त्रज्ञ कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगावर संशोधन करत होते. या रोगाने फेरेट हमखास मरतो, हे त्यांना 1920 च्या दशकात दिसले. बाहेरचा संसर्ग आत आला, तर अख्खा कळप जाणार, म्हणून तिथले फेरेट काटेकोर विलगीकरणात ठेवले जात. त्याच संस्थेतील स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी 1933 मध्ये फेरेटांच्याच मदतीने माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला. पुढे 1936 मध्ये फेरेटाकडून माणसाला फ्लू झाल्याची नोंदही झाली. नव्या फेरेटाला आधी काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचे, त्याची लस आणि तब्येत तपासून घ्यायची, या नियमाचे महत्त्व यावरून कळते.

1953 मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ ब्रिटनमध्ये पोहोचली, बहुतेक रानससे मेले आणि फेरेटाचे जुने काम आटले. अमेरिकेत 1970 च्या दशकानंतर तो घरातला लाडका सोबती झाला. तिथे खच्ची केलेले नर सहसा एकत्र राहू शकतात. पण आता सगळ्यांनाच एका खोलीत दिवस काढायचे असतात, त्यामुळे ओळख करून देणे हेच मोठे काम ठरले.

ती ओळख नाकाने होते. आधी दोन्हीकडची अंथरुणे अदलाबदल करतात, मग कोणाच्याच हक्काची नसलेल्या जागी थोडा वेळ भेट घडवतात. मानगूट धरून फरफटणे, लोळवणे, फिस्कारणे ही बहुधा वरचढ कोण हे ठरवण्याची झोंबाझोंबी असते. मात्र रक्त निघाले, एकजण सतत किंचाळत राहिला किंवा भीतीने शी-शू करू लागला, तर लगेच सोडवावे लागते. कुणाचे दोन दिवसांत जमते, कुणाला महिने लागतात. काहींचे कधीच जमत नाही, त्यांना दोन पिंजरे लागतात. मिलाफ झाला की नवा फेरेट जुन्यांच्या झोळीत, त्यांच्या ढिगाच्या अगदी तळाशी झोपलेला सापडतो.