व्हिक्टोरिया सरोवरातील पाहुणा

पूर्व आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरात वीतभरही लांब नसलेल्या माशांच्या सुमारे पाचशे जाती नांदत होत्या. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखी ते क्षुद्र मासे. त्यांना खाऊन पोसणारा एखादा विक्रीयोग्य मासा आणावा, असा विचार निघाला. प्राणिशास्त्रज्ञ जॉफ्री फ्रायर यांनी १९६० मध्ये या बेताला लेखी विरोध केला. परंतु नाइल पर्च हा हिंस्र मासा १९५४ च्या सुमारासच गुपचूप पाण्यात सोडला गेला होता. १९६२-६३ मध्ये तो उघडपणे सोडण्यात आला. मी सरकारी सेवेतला माणूस. तज्ज्ञाचे टिपण फायलीत कसे निजते, हे मला नवे नाही.

वीसेक वर्षे विशेष काही घडले नाही. १९८० नंतर मात्र पुरुषभर उंचीपेक्षाही लांब वाढणाऱ्या या माशाने सरोवर व्यापले, आणि सुमारे दोनशे जाती नाहीशा झाल्या असे मानतात. शेवाळ खाणारे मासे गेले. किनाऱ्यावरून वाहून येणाऱ्या मातीने व सांडपाण्याने आधीच बिघडलेले पाणी अधिकच हिरवे झाले. लहान मासे बायका उन्हात वाळवीत. हा तेलकट मासा धुरावर धरावा लागे, त्यासाठी झाडे तुटली. कारखाने निघाले, परदेशी चलन आले, हेही खरेच. मांस युरोपात गेले आणि गावच्या बाजारात उरलेले सांगाडे विकले जाऊ लागले.